एसीएलच्या रिहॅबवर पीएचडी: पैसे कोण देतं आणि कशासाठी मागायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातच एमपीटी (फिजिओथेरपीतली मास्टर्स पदवी) केलेली एक फिजिओथेरपिस्ट चार वर्षांपासून रावपुऱ्यातल्या एका ऑर्थोपेडिक दवाखान्यात काम करते. गुडघ्याच्या लिगामेंटचं, म्हणजे एसीएलचं ऑपरेशन झालेले बरेच रुग्ण तिच्या हाताखालून जातात. त्यांच्या रिहॅबमध्ये, म्हणजे ऑपरेशननंतरच्या व्यायाम-उपचारांत, सुधारणा कशी करता येईल, यावर तिला पीएचडी करायची आहे. गाइड मिळालेत. स्नायूंची ताकद मोजायचं आयसोकायनेटिक मशीन घ्यायला निधी कोण देईल आणि नोकरी सोडली तर घर कसं चालेल, असं तिनं विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप उडते ती त्यानंच.

पोटासाठीचा पैसा वेगळा आणि कामासाठीचा वेगळा. पहिल्याला फेलोशिप म्हणायचं, दुसऱ्याला प्रोजेक्ट ग्रँट. नव्या मुली एकाच अर्जात दोन्ही मागतात आणि दोन्हीकडून हात हलवत परत येतात. फेलोशिप तुम्हाला मिळते, ग्रँट तुमच्या संस्थेला आणि गाइडला मिळते. ग्रँटच्या अर्जावर प्रमुख संशोधक म्हणून सहसा गाइडचं नाव लागतं. ते मनाला लावून घेऊ नका.

फेलोशिपचं म्हणाल तर फिजिओथेरपीवाल्यांची पहिली अडचण अशी की यूजीसीच्या नेट परीक्षेत आपल्या विषयाचा स्वतंत्र पेपरच नाही. म्हणून जेआरएफचे, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचे, महिना ३७,००० रुपये (जानेवारी २०२३ पासूनचा दर) शेजारच्या बायोलॉजीवाल्यांना मिळतात आणि आपण बघत बसतो. गुजरातेत राहून करणार असाल तर राज्य सरकारची ‘शोध’ योजना आधी पाहा. पूर्णवेळ पीएचडीला महिना १५,००० रुपये, वर खर्चासाठी वर्षाला २०,००० रुपये, असं दोन वर्षं. तुम्ही आईवडिलांचं एकुलतं अपत्य असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे, तिचे दर जेआरएफच्याच बरोबरीचे. एमपीटीला विद्यापीठात पहिल्या आला असाल तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिपही पाहून ठेवा. पहिला क्रमांक हीच तिची मुख्य पात्रता आहे आणि पदक कपाटात ठेवून हा दरवाजा विसरलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत. प्रत्येक योजनेच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचायच्या, मैत्रिणीच्या तोंडून ऐकायच्या नाहीत.

आता हिशोब. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. शोधचे पैसे दोन वर्षं. म्हणजे निधी संपतो तिथून तुमचं खरं लिखाण सुरू होतं. या शहराला हे नवीन नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, ही अट होती. पुढे लंडनचा अभ्यास अर्धा असतानाच मुदत संपली, १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं आणि लंडनची डी.एस्सी. पुरी व्हायला १९२३ उजाडलं. शिष्यवृत्तीची मुदत आणि कामाची मुदत जुळत नाही, हे तेव्हाही होतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाची सोय आजच वहीत लिहून काढा. माझी सोय म्हणजे सासूबाई होत्या. हे कुठल्या अर्जात लिहिता येत नाही, पण खरं आहे.

नोकरी सांभाळून करायची तर नियमात अर्धवेळ पीएचडीची सोय आहे, नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागतं. मग फेलोशिप विसरायची. पण तुमच्या विषयात अर्धवेळ करण्याचा एक मोठा फायदा आहे: रुग्ण तुमच्याच समोर येत राहतात. तो पुढे कळेल.

परदेशाबद्दल दोनच वाक्यं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्ककडे पीएचडी ही पगारी नोकरी असते, जागेची जाहिरात निघते आणि विषय त्यांनी आधीच ठरवलेला असतो, तेव्हा ‘माझा विषय’ घेऊन तिथे जाता येत नाही. ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे, तिच्या अर्जात मायदेशाला याचा काय उपयोग हे ठासून लिहावं लागतं.

आता मशीन. सरळच सांगते, पीएचडीच्या विद्यार्थिनीला आयसोकायनेटिक मशीनसाठी कुणी पैसे देणार नाही आणि देऊही नयेत. ते यंत्र संस्थेनं घ्यायचं असतं. त्याला खोली लागते, दर वर्षाचा देखभालीचा करार लागतो आणि तुमचा प्रबंध झाल्यावर त्यावर धूळ बसते. मी गेली काही वर्षं एका समितीवर असे अर्ज वाचते. दहातले सहा अर्ज यंत्रानंच सुरू होतात. वाचणाऱ्याला पहिल्या पानावर प्रश्न हवा असतो आणि त्याला तिथे यंत्राचं कोटेशन मिळतं.

हाताच्या पंजात मावणारा डायनॅमोमीटर, म्हणजे स्नायूची ताकद मोजायचं छोटं यंत्र, लाख-दीड लाखात येतो. तो हातानं धरून मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मोजू नका, तरुण कबड्डीपटूच्या पायापुढे तुमचा हात हरतो आणि आकडा तुमच्या ताकदीचा येतो. पट्ट्यानं तो टेबलाच्या पायाला बांधून घ्या. जिममधल्या लेग एक्स्टेन्शनवर एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलता येतं, हेही चालतं. आणि ऑपरेशनच्या आधी दोन्ही पाय मोजून ठेवा. कारण आपण सगळे दुखऱ्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करून ‘नव्वद टक्के झालं’ म्हणतो, पण सहा महिने घरी बसून चांगला पायही खंगलेला असतो. मग नव्वद टक्के कशाच्या?

विषयाचं बोलू. ‘एसीएलनंतरच्या रिहॅबमध्ये सुधारणा’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. पैसा प्रश्नाला मिळतो. सुधारणा कुठे हवी आहे ते तुमच्या दवाखान्यातच शोधायचं, आणि तिथे काय दिसतं ते तुम्हीही रोज पाहता. पहिल्या दोन आठवड्यांतला घोळ घ्या. सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो, मेंदूची आज्ञा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा तेव्हाच घरातलं कुणीतरी मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवतं. रुग्णाला बरं वाटतं आणि पाय वाकलेलाच राहतो. आपण उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगतो, आपली पाठ फिरली की उशी परत. यावर औषध म्हणून मशीनचा उपयोग शून्य आहे. घरातल्या उशी सरकवणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवलं तर तिसऱ्या आठवड्यात गुडघा किती सरळ होतो? हा झाला प्रश्न. कोनमापकानं मोजता येतो.

पण माझ्या मते बडोद्यातला खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. तिसऱ्या महिन्यात रुग्ण चालायला लागतो, स्कूटर चालवायला लागतो आणि येणं बंद करतो. ‘साहेब, हवे तो चालाय छे ने’ (आता तर चालता येतंय ना) म्हणतो. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला पट्टा, म्हणजे ग्राफ्ट, मात्र तेव्हाच नाजूक असतो, कारण शरीर त्याला आतून नव्यानं विणत असतं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास तो सर्वांत कच्चा असतो. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, ही समजूत इथे घात करते. पादरा, डभोई, छोटा उदेपूरहून येणाऱ्याचा तर भाड्यात आणि बुडालेल्या रोजात अख्खा दिवस जातो.

आणि मग नवरात्र येतं. मे महिन्यात ऑपरेशन झालेली वीस वर्षांची मुलगी जूनमध्ये पहिला प्रश्न विचारते, नवरात्रीपर्यंत होईल ना? मे ते ऑक्टोबर, पाच महिने. २०१६ मध्ये नॉर्वे-अमेरिकेच्या एकत्रित अभ्यासातून (ग्रिंडम आणि सहकारी, १०६ रुग्ण) आलेला निष्कर्ष असा की खेळाकडे परतणं नवव्या महिन्यापर्यंत जसजसं लांबवलं, तसतशी गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्यामागे ५१ टक्क्यांनी कमी होत गेली. त्याच वर्षी कतारमधल्या अस्पेटार रुग्णालयातल्या अभ्यासात, परतण्याचे निकष पूर्ण न करता मैदानात उतरलेल्यांचा ग्राफ्ट तुटण्याचा धोका सुमारे चौपट दिसला. पण ते फुटबॉलपटूंसारखे खेळाडू होते. गरबा हा खेळ आहे की नाही? अनवाणी पाय, मैदानातली माती, त्रण ताळीत (तीन टाळ्यांच्या गरब्यात) प्रत्येक फेऱ्यात शरीर वळतं आणि पाऊल जमिनीला धरून राहतं. एसीएल तुटतं ते अशाच वळणावर. तेही सलग चार तास, नऊ रात्री. रुग्णाची हालचालीची पातळी ठरवायला आपण टेग्नर स्केल वापरतो. त्यात बर्फावरची हॉकी आहे, गरबा नाही. केओओएस आणि आयकेडीसी या गुडघ्याच्या प्रश्नावल्या उकिडवं बसणं, गुडघे टेकणं विचारतात, मांडी घालून बसणं विचारत नाहीत. सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर बसता येत नाही म्हणून रडलेला गृहस्थ मी पाहिला आहे. प्रश्नावलीत त्याला ऐंशीच्या वर गुण होते.

ऑपरेशननंतर गरब्यात कधी आणि कुठल्या चाचण्या पास झाल्यावर उतरावं, हा प्रश्न घेऊन अर्ज केलात तर वाचणारा निदान दुसरं पान उलटेल. ऑस्लोचा संशोधक हा प्रश्न विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकता.

आता पैसे कशाला मागायचे त्याकडे येते, कारण माझं सगळं सांगणं इथेच आहे. रुग्ण परत आणायला मागा.

माझा स्वतःचा पहिला अर्ज एका सरकारी संस्थेनं परत पाठवला. त्यावर परीक्षकाचा एकच शेरा होता: गळती, म्हणजे मध्येच येणं बंद करणारे रुग्ण, किती धरली आहे? मी दहा टक्के धरली होती. राग आला. दुसऱ्या वर्षी आपल्याच खिशातून छोटा पायलट अभ्यास केला, तेव्हा सहाव्या महिन्याला निम्म्याहून कमी रुग्ण हाती उरले. परीक्षकाचं बरोबर होतं.

आकडे मांडून पाहा. दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं हे माप), ८० टक्के खात्रीनं पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ माणसं शेवटपर्यंत हवीत. २० टक्के गळती धरली तर ८० घ्यावी लागतात, दोन्ही मिळून १६०. गळती ४० टक्के झाली तर प्रत्येकी १०७ घ्यावी लागतील आणि तुमच्या दवाखान्यात तेवढे रुग्ण जमवायला अजून एक वर्ष जाईल. शिवाय गळतात ते सारखे गळत नाहीत. ज्यांचं उत्तम झालं ते येत नाहीत, ज्यांचं बिघडलं ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि तुमच्याकडे उरतात ते मधले. त्यावरून काढलेल्या सरासरीला काही अर्थ नसतो.

स्वीडनमध्ये फ्रोबेल आणि सहकाऱ्यांनी १२१ तरुणांवर अभ्यास केला: काहींचं लगेच ऑपरेशन, काहींना आधी व्यायाम आणि गरज पडली तर ऑपरेशन. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच दोन वर्षांत ऑपरेशन करावं लागलं आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच निघाले. २०१० मध्ये हे छापून आल्यावर सर्जन मंडळींत मोठा वाद झाला. मला मात्र त्यातला निराळाच आकडा आवडतो. पाच वर्षांनी त्या १२१ पैकी फक्त एक माणूस हाती लागला नाही. त्यामुळेच त्या निकालाला वजन आलं.

म्हणून तुमचं बजेट मी असं लिहीन. १६० रुग्ण, प्रत्येकी पाच फेऱ्या, फेरीमागे प्रवास आणि बुडालेल्या वेळेचे ३०० रुपये: २,४०,०००. आठवण करून देणारा, फोन करणारा, गरज पडली तर घरी जाऊन मोजमाप करणारा एक सहायक, महिना २०,००० प्रमाणे दोन वर्षं: ४,८०,०००. डायनॅमोमीटर दीड लाख. फोन, छपाई, किरकोळ तीस हजार. नऊ लाखांत बसतं, आणि त्यातला चार-पंचमांश माणसांवर जातो. परीक्षक विचारेल, रुग्णांना पैसे देणं म्हणजे लालूच नव्हे का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते, एथिक्स कमिटीनं रक्कम मंजूर केलेली असली की झालं. हे वाक्य बजेटच्या खालीच लिहा, प्रश्न विचारायला जागाच ठेवू नका.

एवढी रक्कम आयसीएमआरच्या छोट्या संशोधन अनुदानात मागता येईल, गाइडच्या नावानं. राज्यात गुजकोस्टकडेही (गुजरातची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद) प्रकल्पांसाठी अर्ज जातात. बडोद्याभोवती कारखाने आहेत तेव्हा सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशाचं, सगळेच सुचवतील. कंपनी कायद्याच्या यादीत आरोग्य आहे, ग्रामीण खेळही आहेत, पण कंपनीला फोटो आणि फलक हवा असतो, तिला तुमचा तुलनेसाठीचा नियंत्रण गट समजावता येत नाही. त्यांच्याकडून डायनॅमोमीटर घ्या, पगार मागू नका. इम्प्लांट विकणाऱ्यांचा पैसा मी घेतला नसता. तुम्ही घेतलात तर पहिल्या पानावर जाहीर करा.

कागदपत्रांत दोन ठिकाणी गाडी अडकते. एथिक्स कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे आधी विचारा, नाहीतर तिची मंजुरी निधीदाता मानत नाही. आणि सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद होत नाही. पहिला रुग्ण सोमवारी घेतला आणि नोंद मंगळवारी, असं झालं तर तीन वर्षांचं काम चांगल्या जर्नलला दाखवता येणार नाही.

काही बारीक गोष्टी अर्जात घातल्यात तर वाचणाऱ्याला कळतं की ही बाई रोज रुग्ण पाहते. व्यायाम करणाऱ्या रुग्णापासून गट लपवता येत नाही, पण मोजणाऱ्यापासून लपवता येतो, आणि ऑपरेशनचा व्रण दिसू नये म्हणून मोजताना दोन्ही गुडघ्यांवर लांब मोजे चढवायचे. दोन गटांचे रुग्ण एकाच बाकड्यावर वाट पाहत बसले की ‘तुला काय दिलंय?’ म्हणत एकमेकांचे व्यायाम शिकतात. म्हणून एक गट सोमवार-गुरुवार, दुसरा मंगळवार-शुक्रवार. कुणाचा ग्राफ्ट मांडीच्या मागच्या स्नायूतून घेतलेला असतो, कुणाचा गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्यातून, कुणाची गुडघ्यातली गादी शिवलेली असते. गट पाडताना हे आधी वेगळं काढा. प्रश्नावली स्वतः बसून मराठीत किंवा गुजरातीत उतरवू नका. तिचं प्रमाणित भाषांतर असेल तर परवानगीनं घ्या, नसेल तर भाषांतर करून, ते परत मूळ भाषेत उलटवून तपासणं हेच प्रबंधाचं एक प्रकरण होऊ शकतं. खेळाकडे परतायची भीती मोजणारी बारा प्रश्नांची एसीएल-आरएसआय ही प्रश्नावली विसरू नका. ताकद पूर्ण आलेली मुलगी गरब्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवते, ती गुडघ्यामुळे नव्हे.

आणि सर्जनचं पत्र. तुमचे रुग्ण खरं तर सर्जनचे असतात. ते पत्र मागताना अभ्यासात ऑपरेशनचं मूल्यमापन होणार नाही, हे लेखी द्या. मला एका ठिकाणी त्याच धास्तीनं सहा महिने टोलवलं होतं. इथल्या जुम्मादादांच्या आखाड्यात पूर्वी माणिकराव कुस्ती शिकवायचे आणि निखळलेले सांधेही बसवायचे. आमचे आजोबा निखळलेला खांदा घेऊन तिथे गेले होते. ऑपरेशन एकाचं, व्यायाम दुसऱ्याचा आणि मोजमाप तिसऱ्याचं, ही वाटणी तेव्हा नव्हती. आता आहे, आणि तिघांच्या सह्या लागतात.

अर्ज लिहायला बसण्याआधी दवाखान्याची आणि एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन गेल्या दोन वर्षांचं रजिस्टर काढा. ऑपरेशन झालेल्यांपैकी तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याला किती आले, एवढंच मोजा. हे तीन आकडे तुमच्या अर्जाचा पहिला परिच्छेद आहेत. नव्या रुग्णांचे आजपासून दोन मोबाइल नंबर घ्या, एक त्याचा आणि एक आईचा किंवा वहिनीचा. माझ्या यादीतले बरेचसे तरुण नंबर नवव्या महिन्यात बंद लागले होते. आयांचे लागले.